तापोळ्याला तीन दिवस: पाण्यातले खेळ ठरवण्याआधी पाण्याची वेळ ठरवा

कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: मेच्या सुट्टीत दोन कुटुंबं मिळून आम्ही नऊ जण तापोळ्याला तीन दिवस जायचं म्हणतोय. सासू-सासरे सत्तरीच्या आसपास, मुलं सात, अकरा आणि चौदा वर्षांची. आमचे मिस्टर आणि दीर गावाकडच्या विहिरीत पोहून तयार झालेले. आम्हा दोघी जावांना पोहता येत नाही. पाण्यातले कुठले खेळ करावेत, कुठले टाळावेत? मुक्काम महाबळेश्वरला करावा की तापोळ्याला? आणि एवढं लांब जाण्यापेक्षा राधानगरी किंवा काळम्मावाडी काय वाईट?

ताई, मी कयाकिंग (वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीचा खेळ) आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण देतो. उन्हाळाभर आपल्याकडची कुटुंबं घेऊन धरणांच्या पाण्यावर असतो. बहुतेक जण मला आधी राईडची यादी विचारतात. तुम्ही घरातलं कोण पोहतं आणि कोण नाही ते आधी सांगितलंत, त्यामुळे उत्तर नीट देता येईल.

मुक्कामापासून सुरुवात करू, कारण निम्मी सहल तिथेच ठरते. मुक्काम तापोळ्यात किंवा पाण्याच्या काठाला जवळ असलेल्या गावात करा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे, हवा गार, बाजारपेठ हाताशी, म्हणून सगळे तिथे उतरतात. मग सकाळी नाश्ता, आवराआवर, आणि पंचवीस-तीस किलोमीटरचा वळणावळणाचा घाट उतरून तापोळ्याला पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. पोरांना घाटात उलट्या झाल्या तर साडेअकरा. पाण्यावरची चांगली वेळ तोवर संपलेली असते. तापोळा महाबळेश्वरच्या जवळजवळ सातशे मीटर खाली आहे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर. तिथे मे महिन्यात दुपारी कडक ऊन असतं. थंड हवेच्या ठिकाणी चाललोय अशा समजुतीने लोक स्वेटर घेतात आणि टोप्या विसरतात.

आता पाण्याच्या वेळेचं. उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या जलाशयावर उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत पाणी बहुधा शांत असतं. जसजसं ऊन तापतं तसा पश्चिमेचा वारा घाटातून वर यायला लागतो, आणि दोन्ही बाजूंना डोंगर असलेल्या लांबट खोऱ्यात तो जोर धरतो. दुपारी दोननंतर लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला की नवशिक्यांनी कयाक, पॅडल बोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी), पेडल बोट (पायाने चालवायची) यातलं काहीही पाण्यात घालू नये. त्यात एप्रिल-मे म्हणजे वळिवाचे दिवस. दुपारी चारच्या सुमारास ढग चढायला लागतात, हवा कोंडते, आणि मग एकाएकी गार वाऱ्याचा झोत येतो. तो झोत लागला म्हणजे वादळ दारात आलंय असं समजायचं.

21 मे 2024 ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी बोट अशाच संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. ती बोट रोजच्या वाटेवरची होती, माणसं रोजची होती, पाणी ओळखीचं होतं. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्यांना एक नियम असतो: पाण्यावरचे सगळे खेळ सकाळी, आणि दुपारी तीननंतर मोठ्या बोटीतसुद्धा पाय ठेवायचा नाही. फोनमध्ये 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ते केलंय आणि आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा त्यात मिळतो. पण डोंगरात रेंज जाते, तेव्हा कान उघडे ठेवा. गडगडाट ऐकू आला की लगेच काठावर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात जायचं नाही. झाडाखाली थांबू नका, गाडीत काचा लावून बसा.

राधानगरी-काळम्मावाडीचा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. जवळ आहे, पाणी सुंदर आहे, दाजीपूरचं जंगल शेजारी आहे, सगळं खरं. पण राधानगरीचा लक्ष्मी तलाव अभयारण्याला लागून आहे. काळम्मावाडी धरणाचं पाणी 2023 च्या दिवाळीपासून थेट पाईपलाईनने आपलं कोल्हापूर शहर पितं. तुळशी, कासारी, कुंभी ही धरणंही पाणी साठवायच्या जागा आहेत. कडेला गाडी लावून तुम्ही पाण्यात उतरलात तर तिथे जीवरक्षक नाही, बचावाची बोट नाही, आणि पाणी किती खोल ते सांगायला कुणी नाही. उन्हाळ्यात सिंचनाचं आवर्तन सुटतं तेव्हा खाली भोगावती-दूधगंगेची पातळी तुमच्या डोळ्यांदेखत चढते. आणि के.टी. बंधाऱ्याच्या (नदीत पाणी अडवणाऱ्या कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याच्या) खाली, बरग्यांवरून म्हणजे अडवायच्या फळ्यांवरून पाणी पडतं त्या जागी, कधीही उतरू नका. वरून चार फुटांची धार दिसते, खाली पाणी माणसाला फिरवून परत बंधाऱ्याकडे ओढतं आणि पट्टीचा पोहणारासुद्धा तिथून सुटत नाही. फिरायला जरूर जा, काठावर बसून भाकरी खा. पाण्यात उतरायचं असेल तर जिथे बोट क्लब आहे, रेस्क्यू बोट आहे, अशाच ठिकाणी जा. तापोळा आणि त्याच जलाशयावरचं बामणोली त्या अर्थाने बरे.

तापोळ्यात एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. शिवसागर म्हणजे 105 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) कोयना धरणाचं पाणी. वर्षभर ते वीजनिर्मितीला पश्चिमेकडे आणि सिंचनाला पूर्वेकडे जात असतं, त्यामुळे मेमध्ये जलाशय बराच उतरलेला असतो. फोटोत दिसणारं काठोकाठ निळं पाणी दिवाळीच्या आसपासचं असतं. मेमध्ये पाण्यापर्यंत तांबड्या मातीचा लांब उतार चालत जावा लागतो, आणि शेवटचे काही हात ओला गाळ असतो. त्या गाळात मुलं गुडघ्यापर्यंत रुततात. रुतलं तर पाय उपटायला धडपड करायची नाही. मागे टेकून बसायचं, अंगाचा भार पसरायचा आणि एकेक पाय हळूहळू सोडवायचा. स्लीपर त्या गाळात राहते, म्हणून मागे पट्टा असलेले सँडल घाला. पाणी उतरल्यावर जुन्या बांधांचे दगड, झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात. काठावरून सूर मारायला म्हणूनच सक्त बंदी. चौदा वर्षांच्या मुलाला हे त्याच्या बाबांनी सांगावं, आणि बाबांनी स्वतःही पाळावं.

बाबांचंच आधी बोलू, कारण अशा सहलीत मला सर्वात जास्त काळजी पोहता न येणाऱ्यांची नसते. जिला पोहता येत नाही ती जॅकेटची दोरी तीनदा तपासते. विहिरीत पोहलेला गडी जॅकेट खांद्यावर टाकतो आणि "आम्हाला काय लागतंय त्याला" म्हणतो. ऑलिंपिकपटू जलतरणपटू वीरधवल खाडेच्या गावातली माणसं आपण, पोहण्याचा अभिमान असावाच. पण विहिरीत चार हात मारले की दगड हाताला लागतो. जलाशयात समोरचा काठ जवळ दिसतो, कारण मध्ये मोजायला झाड नाही, घर नाही. अर्ध्यात गेल्यावर अंतर कळतं, तेव्हा परतही तेवढंच असतं. वर कोमट लागणारं पाणी खाली माणूसभर खोलीवर एकदम गार होतं. तिथे पाय गेले की श्वास चुकतो. पैज लावून पलीकडच्या काठाला जायचं, हा प्रकार दोघा भावांनी डोक्यातून काढून टाकावा. पोहायचंच असेल तर सकाळी, काठाला समांतर, छातीभर पाण्याच्या हद्दीत, दोघांनी जोडीने, आणि कमरेला दोरीने बांधलेला रंगीत तरंगता फुगा (बॉय) ओढत.

आता तयारी. तुम्हाला अजून वेळ आहे. शहरातल्या कुठल्याही चांगल्या जलतरण तलावात, प्रशिक्षक समोर असताना, तुम्ही दोघी आणि तिन्ही मुलं काही दिवस जा. रंकाळा, कळंबा या तलावांत हा सराव नको. केंदाळ आणि गाळ दोन्ही आडवे येतात. पोहायला शिकायचं उद्दिष्ट ठेवू नका, तेवढ्या दिवसांत ते होत नाही. दोनच गोष्टी शिका. एक, पाठीवर तरंगणं. कान पाण्यात, हनुवटी आकाशाकडे, पोट वर, हात पसरलेले. कान पाण्यात घालायला नव्या माणसाला फार जड जातं; डोकं वर उचललं की कंबर खाली जाते आणि माणूस बुडतो. ज्या दिवशी तुम्हाला कान बुडवून मिनिटभर शांत श्वास घेता आला, त्या दिवशी तुमची निम्मी भीती गेली असं धरा. दोन, लाइफ जॅकेट घालून पाण्यात पडणं. पहिल्यांदा जॅकेटने वर फेकलं जाताना नाकातोंडात पाणी जातं, माणूस उभं राहायला बघतो, पायाला जमीन लागत नाही आणि घाबरतो. हे एकदा तलावात होऊन गेलं की धरणात कयाक उलटली तरी तुम्ही ओरडणार नाही. गुडघे पोटाशी घ्याल, मागे रेलाल आणि वाट बघाल.

जॅकेटबद्दल मी जरा हट्टी आहे. मोठ्यांसाठी तिथली जॅकेट चालतील, पण सात वर्षांच्या मुलासाठी स्वतःचं विकत घ्या. बोट क्लबवर लहान मापाची थोडीच असतात, आणि गर्दीच्या दिवशी मुलाच्या गळ्यात मोठ्यांचं अडकवतात. ते पाण्यात गेलं की जॅकेट वर आणि पोर खाली. घेताना आतलं लेबल वाचा, त्यावर किती किलो वजनासाठी ते लिहिलेलं असतं. मुलाला घाला, सगळी बक्कलं लावा, पट्टे आवळा. मग खांद्यावरचे दोन पट्टे धरून मुलाला वर उचलल्यासारखं ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकून कानाला लागलं तर ते सैल आहे. लहान मुलाच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. मग तेच जॅकेट जलतरण तलावात घालून त्याला तरंगू द्या, म्हणजे त्याला त्याची सवयही होते. तिथे गेल्यावर मोठ्यांना मिळालेलं जॅकेट हातात दाबून बघा. आतला फोम चुरल्यासारखा लागला, बक्कल तुटून नाडी बांधलेली असली, तर दुसरं मागा. रांगेतले लोक कुरकुर करतील, करू देत.

टायरची ट्यूब, हवेचे पोहायचे खेळ घरून नेऊ नका. वारा त्यांना पाण्यावरून माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो, आणि मुलं त्यांच्यामागे खोल पाण्यात जातात.

खेळांकडे येतो. तुमच्या नऊ जणांसाठी माझी पहिली पसंती कयाक. वर उघडी, दोघांनी बसायची, प्लॅस्टिकची कयाक मागा. ती उलटली तरी बुडत नाही आणि आत कुणी अडकत नाही. पहिल्या सकाळी काठापासून फार लांब न जाता तासभर द्या. बसताना पाठ ताठ, टाचा पुढच्या खाचेत. वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपरं काटकोनात आली की हातांची जागा बरोबर. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे. वल्हं हाताने ओढायचं नसतं. पातं पायाच्या अंगठ्याजवळ पाण्यात घालायचं आणि कंबर वळवून कमरेपर्यंत आणायचं, तिथे बाहेर काढायचं. हाताने ओढणाऱ्याचे खांदे लवकर भरून येतात, कमरेने मारणारा निवांत जातो. दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसलेला ठेका धरतो, मागचा दिशा सांभाळतो. म्हणून नवरा-बायकोत जो जास्त जाणता तो मागे. सात वर्षांचं पोर प्रशिक्षकाच्या पुढच्या सीटवर बसवा, तुमच्यापैकी कुणाबरोबर नको.

पहिल्या तासाच्या शेवटी प्रशिक्षकाला सांगा, आमची कयाक मुद्दाम उलटवा. छातीभर पाण्यात, तो शेजारी उभा असताना. उलटल्यावर वल्हं सोडायचं नाही, कयाक सोडायची नाही. उपडी कयाक पलीकडची कड धरून आपल्या बाजूला ओढली की सरळ होते. मग तिच्या मधोमध दोन्ही हात टेकायचे, पाय पाण्यावर आडवे आणून लाथा मारायच्या आणि पोटावर चढायचं. आधी पोट, मग वळून बूड, मग पाय. दोघी जावांनी हे एकदा केलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलांच्या पुढे असाल. पोहता न येणाऱ्या बायका यात फार लवकर तयार होतात, कारण त्या सांगितलेलं ऐकतात. आणि निघताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध निघा. दमल्यावर परतीला वारा तुम्हाला काठाकडे आणतो. उलट केलंत तर दमलेल्या हातांनी वाऱ्याशी झुंजावं लागतं, आणि जास्तीत जास्त सुटका कराव्या लागतात त्या याच चुकीमुळे.

स्टँड-अप पॅडल बोर्ड असेल तर अकरा आणि चौदा वर्षांच्या मुलांना जरूर द्या. आधी गुडघ्यांवर, मग उभं. घोट्याला बोर्डची दोरी बांधलेली हवी. पेडल बोट सोपी आहे, पण ती वाऱ्यात पतंगासारखी भरकटते, म्हणून तीही सकाळीच. नऊ जणांचं सगळ्यांचं मिळून काही करायचं असेल तर एक मोठी मोटार लाँच घ्या आणि त्रिवेणी संगमावरच्या दत्त मंदिराला जा. कोयना, सोळशी आणि कांदाटी तिथे मिळतात. सासू-सासऱ्यांसाठी हाच खरा कार्यक्रम. त्यांना मागच्या बाजूला, इंजिनापासून जरा अंतरावर बसवा. पुढच्या टोकाला बसलेला माणूस लाटेवर बोट आपटली की उचलला जातो आणि पाठीच्या मणक्यावर धाडकन बसतो. साठीपुढच्या हाडांना ते सोसत नाही. चढता-उतरताना बोट पूर्ण थांबलेली, इंजिन बंद, एक हात नावाड्याच्या हातात. सासूबाईंच्या साडीचा पदर खोचून घ्या, पाण्यात सोडू नका. तुमच्या ओढण्याही काठावर ठेवा. जॅकेट त्यांनाही, पूर्ण प्रवासभर, "आम्ही नुसतं बसणार आहोत" म्हटलं तरी. हे मंदिर पहिल्या दिवशी सकाळी लवकर करा, मग म्हातारी माणसं सावलीत आणि तुम्ही पाण्यात.

बामणोलीहून बोटीने वासोटा किल्ल्याला जाता येतं, वनखात्याची परवानगी लागते. पण मेच्या उन्हात तो चढ या मंडळींबरोबर नको. डिसेंबरात जा.

स्पीड बोट एकदा ठीक आहे. बनाना आणि बम्पर राईडबद्दल (बोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या हवेच्या तराफ्यांबद्दल) माझं मत स्पष्ट आहे: चौदाच्या मुलाला आणि मोठ्यांना, पाठ-मान-खांदा धड असेल तर, एकदा. सातच्या मुलाला अजिबात नाही, अकराच्या मुलीला किंवा मुलाला मी देत नाही. या राईडमध्ये शेवटी सगळ्यांना मुद्दाम पाण्यात पाडतात, आणि दुखापत पाण्याने होत नाही. एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर आपटून होते. ओढणाऱ्या बोटीत चालवणाऱ्याशिवाय मागे बघणारा दुसरा माणूस हवा. एकटाच चालवत असेल तर बसू नका.

जेट स्की मागे बसून करा, चालकाच्या ताब्यात. मुलाच्या हातात द्यायला कुणी तयार असेल तर तुम्ही नाही म्हणा. या यंत्राला सुकाणू नसतं, मागून पाण्याची धार फेकून ते वळतं. समोर अडथळा दिसला की नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, धार बंद होते, आणि हँडल कितीही वळवलं तरी ते सरळच जातं. शिवाय मागे पडणाऱ्याच्या अंगात ती धार शिरून आतल्या अवयवांना गंभीर इजा होऊ शकते, म्हणून पातळ कपडे घालून बसू नये. जाड, घट्ट अर्धी चड्डी घालावी. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी अडकवलेली आहे ना, तेही बघा.

मोठ्या पारदर्शक फुग्यात मुलाला बंद करून पाण्यावर सोडायचा खेळ दिसला तर लांबूनच नमस्कार. आतली हवा संपत जाते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, चेन बाहेरून उघडावी लागते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2011 मध्येच त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

ऑपरेटर कसा निवडायचा? राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि मोटार बोटींची नोंदणी व तपासणी मेरीटाईम बोर्डाकडे असते. कागद बघायला मागा, खरा माणूस रागावत नाही. बोटीवर माणसांची संख्या रंगवलेली असते, तेवढीच बसली पाहिजेत. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि बऱ्याच जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तुमच्या नऊ जणांची दोन बोटींत विभागणी करायची वेळ आली तर पैशाकडे बघू नका. भाव ठरवताना 'राऊंड'वर ठरवू नका, वेळेवर ठरवा. पाच मिनिटांच्या चार राऊंडपेक्षा प्रशिक्षकासह एक तासाची कयाक मुलांच्या जास्त लक्षात राहते. आदल्या संध्याकाळी जाऊन सकाळी लवकरचं ठरवून या, नाहीतर साडेनऊला कुलूपच उघडत असतं.

काठावर एक जण कायम नेमलेला असू द्या. त्याने फोन बघायचा नाही, फक्त पाण्याकडे बघायचं. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, केस डोळ्यांवर, हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबताहेत आणि आवाज नाही. मूल बोलायचं थांबलं की बघा. त्याच्याकडे उडी मारून जायचं नाही. आपल्याकडे एकामागून एक तिघे-चौघे जातात ते असंच. पाच लिटरचा झाकणबंद कॅन, तळाला पेलाभर पाणी ठेवून, त्याला पंधरा-वीस मीटर दोरी बांधून काठावर ठेवा. पाण्यामुळे तो लांब फेकता येतो, हवेमुळे तरंगतो. माणसाच्या पलीकडे फेका आणि दोरी ओढत त्याच्या हातात आणा.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरणं, गरागरा फिरवणं हे काही करू नका, त्यात वेळ जातो आणि पोटातलं श्वासात उतरतं. श्वास नसेल तर आधी नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, छाती उचलली जातेय का बघा, मग छातीच्या मधोमध 30 दाब, 2 श्वास, पुन्हा 30. दाब मिनिटाला 100 ते 120 या गतीने, मोठ्या माणसाला पाच सेंटिमीटर खोल. दुसऱ्याने 108 किंवा 112 लावावा. हे वाचून येत नाही, दोघा भावांनी निघण्याआधी एक दिवसाचं प्रथमोपचार शिबिर करावं. आणि पाणी छातीत गेलेला माणूस शुद्धीवर येऊन हसायला लागला तरी त्याला दवाखान्यात न्या. काही तासांनी त्याचा श्वास जड होऊ शकतो.

खाण्याचं थोडं. सकाळी पाण्यावर जाण्याआधी केळं, चटणी-भाकरी, चहा एवढं पुरे. पोटभर मटण दुपारी, खेळ संपल्यावर. दारूचा थेंब सकाळी किंवा आदल्या रात्री उशिरापर्यंत नको, आणि यावर तुम्ही दोघी जावांनी एकमताने उभं राहावं. मीठ-साखरेचं पाणी भरून न्या. पूर्ण बाह्यांचे नायलॉनचे टी-शर्ट घाला. सुती कपडा आणि जीन्स ओली झाली की अंगाला जड होते. पाण्यावरून उलटणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकाखालीही भाजतं, तिथेही क्रीम लावा.

तारखेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. मेचा दुसरा आठवडा जमत असेल तर चौथ्या आठवड्यापर्यंत ढकलू नका. वळीव वाढत जातो, पाणी आणखी उतरतं. आणि खोलीचे पैसे भरण्याआधी तिथल्या बोटवाल्याला फोन करून एवढंच विचारा: सध्या जेटी (बोटीत चढायचा धक्का) कुठे लागते, आणि पार्किंगपासून पाण्यापर्यंत सासू-सासऱ्यांना किती चालावं लागेल. उतार फार लांब आहे म्हणाला तर त्या दोघांसाठी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर एक सकाळ ठेवा. तिथे वल्ह्यांच्या आणि पेडलच्याच बोटी आहेत, काठाला सावली आहे, आणि गाळ तुडवावा लागत नाही.